चक्रीवादळात राज्याचे काम कुठे संपते आणि केंद्राचे कुठे सुरू होते?

टाम्पाकर (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हेलीन आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत मिल्टन, अशी दोन मोठी चक्रीवादळे फ्लोरिडातील आमच्या टाम्पा उपसागराच्या परिसराने लागोपाठ अनुभवली. हेलीनचे केंद्र आमच्यापासून शंभराहून अधिक मैल दूर, समुद्रातूनच उत्तरेकडे सरकले होते, तरीही सेंट पीटर्सबर्गमधील शोअर एकर्ससारख्या सखल वस्त्यांत समुद्राचे पाणी घराघरांत शिरले. भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटे आणि भिंतींवरून उतरवलेले ड्रायवॉल यांचे ढीग रस्त्याच्या कडेला तसेच पडून असताना मिल्टनचा इशारा आला, आणि हे सगळे वाऱ्याबरोबर उडून कोणाच्या खिडक्या फोडणार, ही एक नवीनच चिंता मागे लागली.

त्या दिवसांत मला सर्वांत खटकले ते हे, की प्रत्येक सूचना वेगळ्या दारातून येत होती. वादळाचा मार्ग मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने, म्हणजे केंद्र सरकारने सांगितला. घर सोडण्याचा आदेश काउंटीने (आपल्या जिल्ह्यासारखे स्थानिक शासन) काढला. आणीबाणी गव्हर्नरांनी जाहीर केली. मदतीचा अर्ज मात्र फेमाकडे, म्हणजे केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडे, करायचा होता. घर सोडण्यासाठी काउंटीने आखलेले विभाग निराळे आणि विम्यासाठी फेमाने आखलेली पूरक्षेत्रे निराळी. दोन्ही नकाशांत 'ए' हे अक्षर असल्यामुळे आमच्या ओळखीतील चांगल्या जाणत्या माणसांचाही गोंधळ उडाला. भरीस भर म्हणून, फेमा ७५० डॉलर हातावर टेकवून मोकळी होते, अशी अफवा समाजमाध्यमांवर फिरत होती. वास्तविक ती रक्कम अन्न, पाणी, औषधे अशा तातडीच्या गरजांसाठी होती आणि घरदुरुस्तीचे साहाय्य त्याहून वेगळे होते.

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी फेमाच्या फेरविचारासाठी परिषद नेमण्याचा आदेश काढला. मार्चमध्ये, राज्यांनी आणि स्थानिक संस्थांनी सज्जतेची अधिक जबाबदारी उचलावी, असा आणखी एक आदेश निघाला. एप्रिलमध्ये पूर्वतयारीच्या कामांना निधी देणारी 'ब्रिक' योजना बंद करत असल्याचे जाहीर झाले आणि तो वाद न्यायालयात गेला. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात हा विषय निघतो, पण बहुतेकांची मते पक्षानुसार आधीच ठरलेली असतात. म्हणून येथे विचारतो. कायद्याने ही जबाबदारी नेमकी कोणाची आहे? फेमाचा पसारा खरोखरच आवरला, तर फ्लोरिडासारख्या सधन राज्याचे काय बिघडेल? आणि प्रत्येक वादळानंतर त्याच जागी तशीच घरे पुन्हा उभी राहतात, ती कोणाच्या परवानगीने?

हिशेबनीस

मी फ्लोरिडातीलच एका काउंटीच्या वित्त विभागात काम करतो. त्यामुळे माझे उत्तर पैशाच्या बाजूने येईल, हे आधीच सांगून ठेवतो.

कायद्याचा मूळ आधार म्हणजे १९८८ चा स्टॅफर्ड कायदा. त्याची मांडणीच अशी आहे की आपत्ती ही प्रथम स्थानिक संस्थांची आणि राज्याची जबाबदारी असते. राज्याची आणीबाणी योजना अमलात आणली आहे आणि तरीही संकट राज्याच्या व स्थानिक संस्थांच्या कुवतीबाहेरचे आहे, असे गव्हर्नरांनी विनंतीत नमूद करायचे, आणि त्यानंतर राष्ट्राध्यक्षांनी घोषणा करायची. विनंती नसताना राष्ट्राध्यक्षांना आपणहून आणीबाणी जाहीर करता येते, पण ती जेथे मुख्य जबाबदारी केंद्राचीच आहे अशा प्रसंगी. १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीतील केंद्र सरकारच्या इमारतीत बॉम्बस्फोट झाला, तसा प्रसंग. चक्रीवादळ त्यात बसत नाही. तेव्हा 'आता जबाबदारी राज्यांकडे सोपवू' ही भाषाच मला थोडी चमत्कारिक वाटते, कारण जी गोष्ट कायद्याने पूर्वीपासून राज्यांकडे आहे ती नव्याने सोपवायची कशी? जे हलणार आहे ते पैशाचे ओझे आहे.

फेमाकडे पोलीस नाहीत, बंब नाहीत. तिच्या २८ शोध-बचाव पथकांतील माणसेसुद्धा मुख्यतः ठिकठिकाणच्या अग्निशमन दलांतूनच आलेली असतात. फेमा प्रामुख्याने तीन गोष्टी करते: वादळाआधी पाणी, अन्न, जनरेटर असा साठा जवळ आणून ठेवते, इतर केंद्रीय खात्यांना कामाला लावते आणि नंतर खर्चाची भरपाई करते. लोकांच्या नजरेत पहिली येते, हिशेबात तिसरी सर्वांत मोठी असते.

तुम्ही ज्या ढिगांचा उल्लेख केला त्यांचेच पाहू. ते उचलणाऱ्या प्रत्येक ट्रकचे माप आधी घेऊन त्याला क्रमांक दिलेला असतो. ट्रक टाकण्याच्या जागी पोहोचला की उंच मचाणावर उभा असलेला निरीक्षक वरून आत डोकावतो, ट्रक किती टक्के भरला आहे ते ठरवतो आणि तिकिटावर लिहितो. झाडांच्या फांद्या वेगळ्या, बांधकामाचा राडारोडा वेगळा, फ्रिज आणि वॉशिंग मशीन वेगळी. ठेकेदाराचे बिल काउंटी स्वतःच्या गंगाजळीतून भागवते आणि मग तिकिटे, निविदेचे कागद, ठेक्यातील अटी हे सारे जुळवून फेमाकडे भरपाई मागते. भरपाई किमान ७५ टक्के मिळते. उरलेल्या २५ टक्क्यांपैकी निम्मा वाटा फ्लोरिडाच्या कायद्यानुसार राज्य उचलते आणि निम्मा काउंटी किंवा शहर. एखाद्या ठेक्याची निविदा नियमाप्रमाणे निघाली नसेल, तर केलेले काम कितीही चांगले असो, रक्कम अडकते. मोठ्या वादळाचे हिशेब वर्षानुवर्षे मिटत नाहीत, आणि तोवर दुसरे वादळ येऊन गेलेले असते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान राज्याच्या कुवतीबाहेरचे आहे की नाही, हे पाहताना फेमा जे निकष लावते त्यांतील एक म्हणजे दरडोई नुकसान. १९८६ मध्ये हा आकडा माणशी १ डॉलर ठरला, १९९९ पर्यंत त्यात महागाईची वाढसुद्धा धरली गेली नाही, आणि आजही तो २ डॉलरच्या आतच आहे. २०२० च्या जनगणनेनुसार फ्लोरिडाची लोकसंख्या २ कोटी १५ लाखांच्या वर आहे, म्हणजे साधारण ४ कोटी डॉलरच्या नुकसानीला राज्य हा निकष ओलांडते. ज्या राज्याचे वार्षिक अंदाजपत्रक १०,००० कोटी डॉलरच्या पुढे गेले आहे, त्याच्या कुवतीबाहेर ४ कोटी कसे असतील? हा निकष जुनाट झाला आहे, असे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, लेखापरीक्षण संस्थेने २०१२ मध्येच सांगितले होते. लहानसहान वादळांचा खर्च फ्लोरिडाने स्वतः उचलावा, या म्हणण्यात मला काहीही गैर दिसत नाही.

२०२२ च्या इयन वादळासारखे किंवा हेलीन-मिल्टनसारखे संकट मात्र वेगळे. जवळजवळ सर्वच राज्यांना अंदाजपत्रक समतोल ठेवण्याचे बंधन असते. केंद्राला कर्ज काढता येते, राज्याला त्या प्रमाणात येत नाही. वादळ ज्या वर्षी येते त्याच वर्षी पर्यटन बुडते आणि विक्रीकर घटतो. फ्लोरिडा तर व्यक्तिगत प्राप्तिकर घेतच नाही. अशा वेळी पन्नास राज्यांत जोखीम वाटून घेणारी व्यवस्था काढून टाकली, तर फ्लोरिडाला आपत्कालीन कामाचे ज्ञान कमी पडणार नाही, रोख रक्कम कमी पडेल.

तिसऱ्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देतो, कारण पुढे त्यावर चर्चा होईलच: कुठे आणि कसे बांधायचे हे ठरवणारे काउंटी, शहर आणि राज्य, बुडाल्यावर मोठा वाटा भरणारे केंद्र. माझ्या मते सगळ्या वादाची मेख येथे आहे, आणि वादळाच्या आठवड्यात कोण आधी पोहोचले यावर भांडताना ती कोणालाच आठवत नाही.

मिसिसिपीकाठ

हिशेबनीस यांचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु 'आधी राज्य, मागून केंद्र' हे सूत्र सरसकट लावता येत नाही. मी स्थापत्य अभियंता आहे आणि लुइझियानात राहतो. आमच्याकडे या सूत्राची परीक्षा २००५ मध्ये झाली.

त्या वर्षीच्या कतरिना वादळाच्या वेळी कागदपत्रे वेळेवर झाली होती. गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांनी २६ ऑगस्टला राज्यात आणीबाणी जाहीर केली, २७ तारखेला केंद्राकडे विनंती गेली आणि राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ती त्याच दिवशी मान्य केली. २८ च्या सकाळी न्यू ऑर्लिन्सचे महापौर रे नेगिन यांनी शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश काढला. तो उशिरा निघाला, आणि ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांनी कसे जायचे याचे उत्तर त्यात नव्हते. हा दोष निःसंशय शहराचा आणि राज्याचा. त्याआधीच्याच वर्षी, जुलै २००४ मध्ये, 'पॅम' नावाच्या काल्पनिक वादळावर केंद्र, राज्य आणि स्थानिक अधिकाऱ्यांनी बॅटन रूजमध्ये एकत्र बसून सराव केला होता, आणि त्यात न्यू ऑर्लिन्स बुडाल्याचेच दृश्य मांडलेले होते. म्हणजे कल्पना कोणालाच नव्हती असेही म्हणता येत नाही.

पण २९ ऑगस्टला शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला तो पूरभिंती आणि बांध फुटल्यामुळे. १९६५ च्या बेट्सी वादळानंतर काँग्रेसने ही संरक्षणव्यवस्था मंजूर केली आणि तिची रचना व बांधणी लष्कराच्या अभियंता दलाने, म्हणजे केंद्राने केली. देखभाल मात्र स्थानिक बांध मंडळांकडे होती. सतराव्या रस्त्याच्या कालव्याची भिंत पाणी तिच्या माथ्यावरून जाण्याआधीच पायातून सरकली. मऊ मातीचा अंदाज चुकला आणि खाली ठोकलेल्या पोलादी पाट्या पुरेशा खोल नव्हत्या. रचनेतील दोष अभियंता दलाने २००६ मध्ये स्वतःच मान्य केले. त्यानंतर नागरिक न्यायालयात गेले, तेव्हा १९२८ च्या पूरनियंत्रण कायद्यातील एक कलम आडवे आले: पुराच्या पाण्याने झालेल्या नुकसानीची कोणतीही जबाबदारी केंद्र सरकारवर येणार नाही. कालव्यांच्या भिंतींबाबतचा दावा २००८ मध्ये त्याच आधारावर फेटाळला गेला. तो फेटाळताना न्यायाधीशांनी अभियंता दलावर कठोर टीका केली, पण टीकेने कोणाचे घर भरून निघत नाही. राज्याने आपली जबाबदारी उचलावी असे सांगणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे.

पुढे केंद्राने साडेचौदा अब्ज डॉलरच्या आसपास खर्च करून नवीन व्यवस्था उभारली. राज्यानेही घटनादुरुस्ती करून विखुरलेल्या बांध मंडळांच्या जागी नदीच्या दोन बाजूंसाठी दोन पूरसंरक्षण प्राधिकरणे आणली. २०२१ मध्ये, कतरिनाच्या नेमक्या त्याच तारखेला, आयडा धडकले तेव्हा ही व्यवस्था टिकली. वीज मात्र गेली, आणि उन्हाळ्यात विजेविना राहणे किती जीवघेणे असते हे आम्ही पाहिले. त्या भागाची वीज खासगी कंपनीकडे आणि तिच्यावर देखरेख शहराची व राज्याची. तेथे फेमाचा संबंध जनरेटर पुरवण्यापुरता. जबाबदारीच्या चर्चेत या कंपन्या नेहमी बाजूला राहतात, ते बरोबर नाही.

आणखी एक मुद्दा सैन्याचा. कतरिनाच्या पहिल्या आठवड्यात लुइझियानाचे नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे राखीव सैन्यदल, आपल्या हाताखाली द्यावे, असा प्रस्ताव व्हाइट हाउसने ब्लँको यांच्यापुढे ठेवला आणि त्यांनी तो नाकारला. यावरून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. मला त्यांचा निर्णय योग्य वाटतो, कारण गव्हर्नरांच्या हुकमाखालील गार्डला पोलिसी काम करता येते, पण तेच जवान केंद्राच्या सेवेत गेले की केंद्राच्या सैन्याला पोलिसी काम करण्यापासून रोखणाऱ्या १८७८ च्या पॉसी कॉमिटेटस कायद्याची बंधने लागू होतात. इतर राज्यांचे जवान राज्याराज्यांतील परस्परसाहाय्य करारान्वये येतच होते; या कराराला काँग्रेसची मान्यता १९९६ पासून आहे, आणि कतरिनात त्यातूनच हजारोंनी मदत पोहोचली. २००६ मध्ये काँग्रेसने नैसर्गिक आपत्तीत सैन्य वापरण्याचे राष्ट्राध्यक्षांचे अधिकार वाढवले, तेव्हा पन्नासही राज्यांच्या गव्हर्नरांनी विरोध केला आणि २००८ च्या आरंभी तो बदल मागे घ्यावा लागला. शेवटी जो तोडगा निघाला तो फार व्यवहारी आहे: एकाच अधिकाऱ्याला राज्य आणि केंद्र या दोन्हींकडून हुकूम देण्याचा अधिकार मिळतो, आणि तो दोन्ही दले सांभाळतो. २०१२ च्या सँडीत न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत ही पद्धत वापरली गेली. एडिसन-पार्सिपनीकडचे जे वाचक त्या दिवसांत पेट्रोलच्या रांगेत उभे होते, त्यांना यातले काही ऐकूही आले नसेल, आणि हुकमाची भांडणे लोकांच्या कानावर न येणे हेच त्या पद्धतीचे यश.

सडेतोड

मी थोडे वेगळे मत मांडतो. केंद्राचा पैसा हमखास येणार हे ठाऊक असेल, तर राज्य आणि शहर सावध का राहतील?

टेक्सासमधील गॅल्व्हस्टनचे उदाहरण घ्या. १९०० च्या वादळात तेथे किमान ६,००० माणसे मेली. त्यानंतर काउंटीने रोखे काढून समुद्रभिंत बांधली, लष्करी छावणीपुढचा तुकडा तेवढा केंद्राने केला. आणि शहराने घरे, चर्च, गटारे, सारे उचलून खाली वाळूचा गाळ भरला व जमिनीची पातळीच वाढवली. तेव्हा फेमा नव्हती, स्टॅफर्ड कायदा नव्हता. फ्लोरिडाचेही तसेच. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू वादळ आले तेव्हा केंद्राची मदत इतकी रखडली की मायामीच्या डेड काउंटीच्या आपत्कालीन प्रमुखांना वार्ताहरांपुढे जाहीरपणे 'मदत कुठे आहे' असे विचारावे लागले. त्या अनुभवातून फ्लोरिडाने वाऱ्याला तोंड देणारी बांधकाम संहिता घडवली आणि २००२ पासून ती संपूर्ण राज्याला लागू केली. २००४ च्या चार्लीनंतर पुन्हा बांधलेले पुंटा गोर्डा २०२२ च्या इयनमध्ये किती कमी मोडले, हे तेथे जाऊन कोणीही पाहू शकतो. हे काम राज्याने केले, वॉशिंग्टनने नव्हे. आखाती किनाऱ्यावरच्या सर्वच राज्यांनी ते तितक्या निष्ठेने का केले नाही, याचे कारण मला तरी त्या ७५ टक्क्यांतच दिसते.

२०१६ मध्ये फेमाने एक चांगली कल्पना पुढे आणली होती. विम्यात जसा डिडक्टिबल असतो, तसा प्रत्येक राज्याने आपत्तीच्या खर्चाचा पहिला हिस्सा स्वतः भरायचा, आणि ज्याने चांगली बांधकाम संहिता किंवा स्वतःचा आपत्ती निधी उभारला असेल त्याला त्यात सवलत द्यायची. राज्यांनी कुरकुर केली आणि ती कल्पना बारगळली. फेमा बंद करण्याची गर्जना करण्यापेक्षा ही एक सुधारणा अमलात आणली तरी पुरे.

पोर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतील बेटाचे उदाहरण आता कोणीतरी देईल, म्हणून मीच देतो. २०१७ च्या मारियात तेथील सरकार आधीच दिवाळखोर होते, वीजव्यवस्था खिळखिळी होती, आणि फेमाच्या त्या भागातील गोदामातील माल दोनच आठवड्यांपूर्वीच्या इर्मासाठी बराचसा निघून गेला होता. सरकारने नेमलेल्या विद्यापीठीय अभ्यासाने २,९७५ अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला. तेथे 'आधी राज्य' म्हणणे क्रूरपणाचे होते, हे मला मान्य आहे. पण अपवादासाठी केलेली सोय फ्लोरिडा-टेक्सासला नियम म्हणून का मिळावी?

टाम्पाकर

सर्वांचे आभार. सडेतोड यांचा डिडक्टिबलचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. एक जोडप्रश्न आहे. शोअर एकर्समधील आमच्या एका स्नेह्यांच्या घरात हेलीनच्या वेळी मांडीभर पाणी आले. दुरुस्तीचा परवाना मागायला गेल्यावर त्यांना सांगण्यात आले की खर्च घराच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक ठरला, तर संपूर्ण घर उंचावर उचलावे लागेल. शहर म्हणते हा फेमाचा नियम, आणि फेमाच्या मदतकेंद्रात म्हणाले की निर्णय शहराचा. दोघेही खरे कसे असतील?

हिशेबनीस

दोघेही खरेच सांगत आहेत. १९६८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पूरविमा योजनेत एखादे शहर किंवा काउंटी सामील होते, तेव्हा पूरक्षेत्रातील बांधकामावर केंद्राने ठरवलेले किमान नियम आपल्या स्थानिक कायद्यात घेण्याचे आणि राबवण्याचे वचन तिने दिलेले असते. ५० टक्क्यांचा नियम त्यातलाच. किंमत मोजायची ती फक्त इमारतीची, जमिनीची नव्हे. म्हणून समुद्राजवळचे महागडे दिसणारे जुने घरही या हिशेबात स्वस्त ठरते आणि मर्यादा लवकर ओलांडते. स्नेह्यांना सांगा, काउंटीच्या कर-मूल्यांकनापेक्षा स्वतंत्र मूल्यमापकाने काढलेली किंमत अधिक येत असेल तर ती शहरापुढे मांडता येते. घर उंचावण्यासाठी पूरविम्यातच ३०,००० डॉलरपर्यंतची वेगळी तरतूद असते. तिची चौकशी विमा प्रतिनिधीकडे करावी, मदतकेंद्रात नव्हे.

नियम सैल सोडला तर काय होते, ते ली काउंटीत दिसले. इयननंतर तेथे परवान्याशिवाय बरीच दुरुस्ती झाल्याचे कारण देऊन फेमाने २०२४ च्या वसंतात काउंटी आणि तेथील काही शहरांतील रहिवाशांची विम्यावरील २५ टक्के सवलत काढून घेण्याचे जाहीर केले. पुष्कळ ओरड झाली, कागद पुन्हा तपासले गेले आणि बहुतेकांची सवलत वाचली. फोर्ट मायर्स बीचची मात्र गेली. परवाना देणारा अधिकारी शेजारच्याच गल्लीत राहतो, त्याला निवडून आलेल्या मंडळींचे फोन येतात, आणि घर गमावलेल्या माणसाला 'आणखी लाखभर डॉलर घालून घर उचला' असे सांगण्याची पाळी त्याच्यावर येते. केंद्राने नियम करावा आणि त्याचा रोष स्थानिकांनी सोसावा, अशी ही विभागणी आहे.

केटीकर

ह्यूस्टनकडून थोडी भर घालतो, कारण आमच्याकडे केंद्र, राज्य, काउंटी आणि शहर हे चारही एकाच वादळात एकमेकांच्या पायांत आले.

२०१७ च्या हार्वेत, २५ ऑगस्टला, गव्हर्नर ॲबट यांनी लोकांना निघून जाण्याचा विचार करायला सांगितले, तर ह्यूस्टनचे महापौर आणि हॅरिस काउंटीचे अधिकारी जागेवरच राहा म्हणत होते. टेक्सासात सक्तीने घर सोडायला लावण्याचा अधिकार महापौर आणि काउंटी जज (न्यायाधीश नव्हे, काउंटीचा निवडून आलेला प्रशासकीय प्रमुख) यांच्याकडे असतो. त्यांच्या मनात २००५ चे रिटा होते. त्या वेळी लाखो लोक एकदम महामार्गांवर आले आणि शंभराहून अधिक मृत्यूंपैकी बहुतेक त्या पळापळीतच झाले. मी महापौरांना दोष देणार नाही. परंतु सामान्य माणसाने कोणाचे ऐकायचे, हे त्या दिवशी कोणीच सांगत नव्हते.

ॲडिक्स आणि बार्कर या दोन जलाशयांची गोष्ट तर या धाग्यासाठीच घडल्यासारखी आहे. १९४० च्या दशकात अभियंता दलाने ह्यूस्टन शहर वाचवण्यासाठी हे कोरडे जलाशय बांधले, पण ते पूर्ण भरले तर जितकी जमीन बुडेल तितकी सगळी विकत घेतली नाही. उरलेल्या कडेच्या जमिनीवर विकासकांनी वसाहती उभारल्या आणि काउंट्यांनी त्यांना मंजुरी दिली. फोर्ट बेंड काउंटीतील काही वसाहतींच्या मंजूर आराखड्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले आहे की हा भाग जलाशयाला लागून असून नियंत्रित रीतीने पाण्याखाली जाऊ शकतो. केटीच्या आसपास घरे घेताना आपल्यापैकी किती मराठी कुटुंबांनी शाळांचे गुण, रस्ते, देऊळ किती अंतरावर आहे, हे सारे पाहिले असेल. आराखड्यावरची ती ओळ मात्र घर विकणाऱ्या एजंटनेही दाखवली नाही. हार्वेत जलाशय भरले आणि वरच्या बाजूच्या हजारो घरांत पाणी साचून राहिले. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्रीय दावे न्यायालयाने, वरच्या बाजूच्या खटल्यात, केंद्र सरकार भरपाईला बांधील आहे असा निकाल दिला. मिसिसिपीकाठ यांनी सांगितलेल्या १९२८ च्या कलमाचा अडसर येथे आला नाही, कारण दावा निष्काळजीपणाचा नव्हता. सरकारने खासगी जमीन मोबदला न देता वापरली, असा तो घटनेच्या आधारे केलेला दावा होता.

सडेतोड यांना एकच विचारायचे आहे. पैसा राज्यांच्या हाती दिला म्हणजे तो बुडालेल्या गावापर्यंत पोहोचतो का? हार्वेनंतर केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने पूरप्रतिबंधासाठी टेक्सासला निधी दिला. मे २०२१ मध्ये राज्याच्या जनरल लँड ऑफिसने त्यातील सुमारे १०० कोटी डॉलरचे पहिले वाटप केले, तेव्हा ह्यूस्टन शहर आणि हॅरिस काउंटी यांच्या वाट्याला एकही डॉलर आला नाही. वाटपाचे निकष भेदभाव करणारे आहेत, असा निष्कर्ष त्याच केंद्रीय खात्याने २०२२ मध्ये काढला. त्याच्या उलट, हॅरिस काउंटीच्या मतदारांनी २०१८ मध्ये हार्वेच्या वर्षदिनी २५० कोटी डॉलरचे पूररोखे स्वतःच्या मालमत्ताकरावर मंजूर केले होते, आणि त्या रकमेच्या बळावर केंद्राकडून जोडनिधी आणला. म्हणजे स्थानिक तयारी आहे. मधला दुवाच कधीकधी निसटतो.

टाम्पाकर, तुमच्या स्नेह्यांनी घर उचलण्याऐवजी विकायचे ठरवले तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. घरात पूर्वी पाणी आले होते का, हे विक्रेत्याने सांगितलेच पाहिजे, असा सर्व देशाला लागू असलेला केंद्रीय कायदा नाही. ते राज्य ठरवते. टेक्सासने २०१९ मध्ये विक्रेत्याच्या माहितीपत्रकात जलाशयाच्या बुडीत क्षेत्राचाही प्रश्न घातला. फ्लोरिडाचा असा कायदा १ ऑक्टोबर २०२४ ला, हेलीन धडकल्यानंतर पाचव्या दिवशी, लागू झाला. त्यानुसार पूरविम्याचा दावा केला असेल किंवा पुराच्या नुकसानीसाठी फेमाची मदत घेतली असेल, तर विक्रीच्या कराराआधी किंवा करार होताना ती माहिती खरेदीदाराला लेखी द्यावी लागते.